रंगनाथरावांची बाही

“रक्त द्यायचं नाही. कोर्ट अशी तपासणी सहजासहजी करायला लावत नाही,” वकिलांनी व्हरांड्यात पुन्हा बजावलं. रंगनाथरावांनी मान डोलावली खरी, पण त्यांचं लक्ष पलीकडच्या बाकावर होतं. ‘हेच माझे वडील’ असा दावा लावणारा पन्नाशीचा मेकॅनिक तिथे बसला होता.

त्याच्या आईला ते विसरले नव्हते. ती एके दिवशी काही न सांगता गाव सोडून गेली होती. पुढे त्यांचं लग्न झालं, पाळणा मात्र हलला नाही. बायको गेल्यापासून घर खायला उठायचं.

आत न्यायाधीशांनी विचारलं, “डीएनए तपासणीला हरकत?”

“आहे,” वकील म्हणाले.

“मुळीच नाही!” रंगनाथरावांनी बाही थेट खांद्यापर्यंत सारली. “घ्या, हवं तेवढं घ्या!”

न्यायाधीशांनाही हसू आवरेना. “आजोबा, इथे नाही घेत. दवाखान्यात जायचं.”

बाही खाली ओढली, तर एका हाताने बटण काही लागेना. शेवटी मेकॅनिकच उठला आणि मान खाली घालून त्याने ते लावून दिलं.

बाहेर येताच रंगनाथरावांनी वकिलांचा हात घट्ट धरला. “साहेब, ही केस लवकरात लवकर कशी हरता येईल?”