पाचवं घर

"मावशी, तुम्हाला विचारता येणार नाही," सर्व्हेवाली टॅबलेटवरून नजर न उचलता म्हणाली. "किनाऱ्यापासून मोजत दर पाचव्या घरी जायचं, असा नियम आहे. तुमचं तिसरं."

"तीन वर्षांपूर्वी माझंच पाचवं होतं," मी दारातून हलले नाही. "हवामान बदलाचा धोका किती वाटतो, एक ते पाचात सांगा, असं तुमच्याच माणसाने विचारलं. मी पाच सांगितलं. पुढची दोन घरं कुठे गेली, ते मागे वळून बघ."

तिने पाहिलं. माझ्या जावेच्या घराच्या दोन पायऱ्या तेवढ्या वाळूत उरल्यात. भरतीला त्याही दिसत नाहीत.

"नियम मी नाही केला, मावशी," म्हणत ती वरच्या अंगाला चढू लागली. चुलीवरचं कालवण तसंच सोडून मी मागोमाग गेले.

आताचं पाचवं घर म्हणजे शहरातल्या साहेबांचा, सुट्टीपुरता उघडणारा बंगला. साहेब गच्चीत चहा पीत होते. तिने फाटकातूनच प्रश्न वाचला.

"धोका?" साहेब हसले. "एक लिहा. उलट पुढची घरं गेल्यापासून इथून समुद्र काय सुरेख दिसतो."