वरचा पाय, खालचा पाय

“ब्याऐंशी,” बाई म्हणाल्या.

टाचणीने मशीनच्या खुर्चीचा पट्टा सोडला आणि पडद्याकडे असं पाहिलं, जणू विचारत होती, मी तुझं काय घोडं मारलंय?

“गेल्या महिन्यातही ब्याऐंशीच होते.”

“हो. म्हणून सही नाही.”

डाव्या गुडघ्यातलं लिगामेंट तुटून ऑपरेशन झालं, त्याला दहा महिने होऊन गेले होते. हँडबॉलच्या संघातली ती सगळ्यांत काटकुळी, म्हणून टाचणी. आणि सगळ्यांत चपळही. संघनिवड बारा दिवसांवर आली होती. फिजिओ बाईंची सही असल्याशिवाय मैदानात पाऊल ठेवता येणार नव्हतं, आणि नव्वद टक्क्यांखाली बाई कुणाला सही देत नसत.

एकदाच दिली होती. एका गोलकीपरला, चौऱ्याऐंशीवर. तो रडला, हातापाया पडला, म्हणून. दुसऱ्याच सामन्यात गुडघा पुन्हा गेला. आता तो मैदानाच्या फाटकापाशी कुबडी टेकून उभा असतो आणि बाई दिसल्या की हसून हात हलवतो. ते हसू बाईंना बघवत नसे.

“पण ब्याऐंशी म्हणजे ब्याऐंशी काय?” टाचणी चिडून म्हणाली. “मला नाही कळत ते टक्के-बिक्के. गणितात माझी बोंबच आहे.”

शिकवायचं म्हटलं की बाई खुलायच्या. त्यांनी कागद पुढे ओढला, त्यावर एक आडवी रेघ मारली.

“हे बघ. रेघेच्या वर तुझा डावा पाय. खाली उजवा, म्हणजे चांगला. डाव्याचा जोर भागिले उजव्याचा जोर. मशीन तो भागाकार करतं आणि आपल्याला एकच आकडा दाखवतं. आलं लक्षात?”

“म्हणजे माझी बरोबरी दुसऱ्या कुणाशी नाही. माझ्याशीच.”

“शाब्बास! कोण म्हणतं बोंब आहे?”

टाचणी बराच वेळ त्या रेघेकडे बघत बसली. मग म्हणाली, “दहा दिवसांनी परत घ्याल चाचणी?”

“घेईन. पण दहा दिवसांत आठ टक्के वाढत नाहीत गं, पोरी. पुढच्या वर्षी निवड आहेच की.”

“पुढच्या वर्षी माझं वय बसत नाही, बाई.”

बाईंनी वहीत दहा दिवसांनंतरची तारीख टाकली.

दहाव्या दिवशी ती आली तेव्हा सोबत आई होती. बेकरीतून तशीच उठून आलेली, कोपरापर्यंत पिठाने माखलेली.

“तुम्ही तरी समजवा हो हिला,” आईने दारातूनच सुरू केलं. “आमच्या इमारतीचा पाच मजल्यांचा जिना आहे. ही बया रोज एका पायावर चढते. पाय लटलटा कापतो, तरी थांबायचं नाव नाही. आज तर सकाळपासून पाचदा वर-खाली! म्हटलं, अगं, आजच्या दिवस तरी दम खा.”

“आई, गप ना.”

बाई चटकन उठल्या. एवढ्या माराने गुडघा सुजलाच असणार. त्यांनी तिला टेबलावर आडवं केलं, डाव्या गुडघ्यावर तळहात ठेवला. सूज नाही. ऊबही नाही. वाटीभोवती बोटं फिरवली, गुडघा वाकवला, सरळ केला. कुठे कळ नाही की काही नाही.

“कमाल आहे,” त्या म्हणाल्या. “एवढं राबवून घेतलंस, आणि हा हूं की चूं करत नाही.”

टाचणी छताकडे बघत राहिली.

मग ती मशीनवर बसली. नेहमीसारखा आधी उजवा पाय, मग डावा. पहिल्याच झटक्याला तिचा चेहरा वेडावाकडा झाला, घाम मानेवरून ओघळला. “आणखी! आणखी!” बाई लहान पोरीसारख्या ओरडत होत्या.

पडद्यावर आकडा आला. एक्याण्णव.

आईने दोन्ही हात तोंडावर नेले आणि गालांवर पिठाचे पंजे उमटले.

“टाचणे,” बाई म्हणाल्या, “चाळीस वर्षांत असं पाहिलं नाही गं मी.”

त्यांनी सही केली. हात जरासुद्धा अडखळला नाही.

“संघाचे सर खाली गाडीत थांबलेत,” टाचणी म्हणाली. “आई, तू पुढे हो. कागद आधी त्यांच्या हातात दे.” आई धावतच गेली. टाचणी मागून सावकाश निघाली, मान ताठ ठेवून.

“रविवारी पहिल्या रांगेत बसणार आहे मी!” बाईंनी मागून ओरडून सांगितलं.

हात धुऊन त्या खिडकीशी आल्या. खाली सरांनी कागद घेतला, गाडी निघून गेली, आईही बेकरीकडे धावली. दाराबाहेरच्या तीन पायऱ्या तेवढ्या टाचणीच्या उतरायच्या राहिल्या होत्या. तिने आजूबाजूला कुणी नाही असं पाहून घेतलं, कठडा घट्ट धरला, अंगाचा सगळा भार डाव्या पायावर घेतला, आणि दुसऱ्या हाताने ट्रॅकपँट पकडून लटलटा कापणारा आपला धडधाकट उजवा पाय उचलून खालच्या पायरीवर ठेवला.