जांगडवरची साडी

"पिशवीत काय आहे?" गुणवंतने विचारलं.

"साडी," सुचेता म्हणाली.

"गेल्या शनिवारी पण साडीच होती ना?"

"ती वेगळी होती."

गुणवंतने टीव्ही बंद केला. आवाज चढवायची त्याला गरजच पडत नसे. तो समजावून सांगायला बसला, की समोरच्याला वाटायचं, ह्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आणि या वेळी समजावण्यासारखं होतंही. इंद्रलोक सोसायटीतलं हे भाड्याचं घर मालक जितेंद्रभाईंनी विकायला काढलं होतं. इतकी वर्षं राहिलेली माणसं, म्हणून आधी यांना विचारलं. अक्षय्य तृतीयेपर्यंत टोकन द्या, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, एवढंच त्यांचं म्हणणं. टोकन जमलं नाही, तर मुलीच्या, इशिताच्या ऐन दहावीत बिऱ्हाड उचलून कुठेतरी लांब जावं लागणार. आणि अशा वेळी ही बाई साड्या आणतेय.

वरच्या मजल्यावरची पिंकी घरातूनच साड्या विकायची. तिचा सगळा धंदा जांगडवर. साडी घरी न्या, अंगाला लावून बघा, आवडली तर पैसे, नाहीतर माल परत. असल्या सोयींनीच बायका बुडतात, असं गुणवंतचं ठाम मत होतं.

"थेंबे थेंबे तळं साचतं, तसंच थेंबे थेंबे आटतं पण," तो म्हणाला. "जा, परत देऊन ये."

"बरं," सुचेता म्हणाली आणि पिशवी उचलून वर गेली. वाद नाही, रुसवा नाही. आपल्या शब्दाला घरात वजन आहे, हे पाहून गुणवंतला बरं वाटलं.

आता गुणवंतचाही हात सैलच होता, नाही असं नाही. हॉटेलात बिल आलं की "ए, खिशात हात घालायचा नाही कोणी" हे वाक्य त्याचंच. दर दिवाळीला नवा फोन, तोही हप्त्यावर. पण पुरुषाने केला तो व्यवहार आणि बायकोने केला तो खर्च, असा त्याचा साधा सरळ हिशोब. त्या हिशोबापायी मागे एकदा इशिताच्या क्लासची फी थकली होती. सुचेताने तेव्हा हातातल्या पाटल्या मोडल्या, आणि तो विषय घरात पुन्हा कोणी काढला नाही.

त्या शनिवारी त्याने सुचेताचं कार्ड मागून घेतलं आणि देव्हाऱ्याच्या खणात ठेवलं.

"माझं एकटीचंच ठेवलंत तर मला कसंतरी होईल हो," ती म्हणाली.

माणूस मनाचा मोठा. त्याने स्वतःचंही कार्ड काढून तिच्या कार्डावर ठेवलं.

पुढचे महिने गुणवंतने घर मुठीत ठेवलं. पगार झाला की आधी बँकेत आरडी, मग वाणसामान, मग बाकीचं. सुचेता तरी शनिवारी पिशवी आणायचीच. कधी पैठणीसारखी काहीतरी जरतारी, कधी सिल्क. तो समजवायचा, ती मान खाली घालून ऐकायची आणि पिशवी वर पोचती करायची. सवय अशी एका दिवसात सुटत नाही, हे त्यालाही कळत होतं. धीर धरावा लागतो, शिकवणाऱ्याने तर जास्तच.

कारखान्यातला रोहित एकदा त्याला फोनच्या दुकानात घेऊन गेला. "गुणवंतभाऊ, ऑफर आहे. जुना द्या, नवा घ्या."

गुणवंतने फोन हातात घेतला, उलटासुलटा केला. मग त्याला शनिवार आठवला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, असं व्हायला नको. त्याने फोन काउंटरवर ठेवला.

"नको रे. घरी एकीला वळण लावतोय. चहा पिऊ चल, आपापले पैसे देऊ."

"तब्येत बरी आहे ना भाऊ?" रोहितने खरंच काळजीने विचारलं.

अक्षय्य तृतीयेला सकाळीच टोकन दिलं. जितेंद्रभाईंनी पेढा हातावर ठेवला. घरी आल्यावर सुचेताने पदर डोळ्यांना लावला. "तुमच्यामुळे झालं हो," ती म्हणाली, आणि मनापासून म्हणाली.

गुणवंतला भरून आलं. इतके महिने बिचारीने मन मारलं, एका शब्दाने उलटून बोलली नाही. कार्ड खणातच राहू देऊन, पगारातून बाजूला ठेवलेले पैसे घेऊन तो दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला.

"पिंकीबेन, एक साडी द्या," तो म्हणाला. "सुचेताने परत आणून दिल्या ना, त्यातली तिला सगळ्यात जास्त आवडलेली. घासाघीस करणार नाही."

पिंकी त्याच्याकडे बघतच राहिली.

"आवडलेली? गुणवंतभाई, भाभीने एक पण पिशवी कधी खोलून बघितली नाय. मला बोलायची, 'कुठली पण दे गं, फक्त महाग दिसली पाहिजे. मला समजावत असतात तोपर्यंत ह्यांचं स्वतःचं पाकीट बंद राहतं.'"