नाव काढलं

‘डेटाबेसशी जोडणी होऊ शकली नाही.’ सकाळपासून तिसाव्यांदा तीच ओळ आली. हॉस्पिटलचे संगणक सांभाळणाऱ्या प्रियदर्शनीने दात-ओठ खाल्ले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. केबल ठीक, सर्व्हर चालू, पासवर्ड बरोबर. तरी नागपूरच्या धंतोलीतल्या त्या हॉस्पिटलचा एकही काउंटर उघडत नव्हता. बाहेर मौद्याहून आलेल्या मैनाबाई उपाशीपोटी बसल्या होत्या. त्यांचे ऑपरेशनआधीचे रिपोर्ट आत अडकले होते.

हॉस्पिटलच्या प्रमुख डॉक्टर सुहासिनी मॅडम दारात आल्या. "शनिवारी चंपतराव रिटायर झाला, रविवारची सुट्टी गेली आणि सोमवारी सगळं बंद. जाता जाता डाव साधला त्याने. एक वाजेपर्यंत सुरू झालं नाही तर मी पोलिसांत तक्रार देणार. आणि त्याची बाजू घेऊन नाव काढू नकोस माझ्यासमोर!"

प्रियदर्शनीला चंपतराव आठवले. बावीस वर्षं रेकॉर्ड रूम सांभाळलेला माणूस. माउसला शेवटपर्यंत बिचकून हात लावणारा. निरोप समारंभात त्यांना शाल-श्रीफळ मिळालं, आणि स्मृतिचिन्हावर नाव होतं ‘श्री. चंपकराव’. सगळे ओशाळले. ते मात्र पोट धरून हसले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पोरी, तू नाव काढशीन." हा माणूस डाव साधणार? शक्यच नव्हतं. ते सिद्ध केल्याशिवाय ती खुर्चीवरून उठणार नव्हती.

तिने त्यांना फोन लावला. "काका, हे सॉफ्टवेअर बसवलं त्या दिवशी काय झालं होतं?"

"मले काय समजते वं त्यातलं! तो इंजिनिअर म्हणे, फोल्डर उघडाची परवानगी कोणाच्या तरी नावानं द्या लागते. साहेब लोक जेवाले गेले होते. मी म्हटलं, लिही माझं. काहून, काही बिघडलं का?"

"काही नाही, काका. सांगते नंतर."

तिने फोल्डरच्या परवानग्यांची यादी उघडली. यादीत एकच नोंद होती आणि तिथे नाव नव्हतं, नुसता लांबलचक आकडा होता. हे तिला चांगलं ठाऊक होतं. एखाद्याचं खातं पुसलं की संगणक नावाच्या जागी आकडा ठेवतो. सगळे काउंटर इतकी वर्षं त्या एका नावानेच आत जात होते. मग ते पुसलं कोणी? तिने संगणकाच्या नोंदीत खातं पुसल्याची तारीख पाहिली. शनिवार, संध्याकाळी पाच चाळीस.

तिचा हात थांबला. नोकरी सोडून जाणाऱ्याचं खातं त्याच दिवशी पुसायचं, हा नियम तिचाच. समारंभातून ती तोंडात चिवडा घेऊनच उठून आली होती. एक बटण दाबलं आणि घरी गेली. नाव तिनेच काढलं होतं.

गुपचूप दुरुस्त करणं सोपं होतं. कोणाला काही कळलं नसतं, आणि संशय चंपतरावांना कायमचा चिकटला असता. तिला स्वतःचीच लाज वाटली. ती तडक केबिनमध्ये गेली.

"मॅडम, काकांनी काही केलेलं नाही. त्यांचं नाव मी काढलं. आणि अख्खं हॉस्पिटल त्याच एका नावावर चालू होतं."

मॅडमनी हातातला तक्रारीचा कागद पाहिला, मग हळूच उलटा करून ठेवला. "किती वेळ लागेल?"

"अर्धा तास."

तिने नवं खातं उघडलं. कुठल्या माणसाचं नाही, फक्त त्या फोल्डरसाठी. संगणकाने नाव विचारलं. तिने टाकलं ‘चंपतराव’, आणि एकेक अक्षर तपासून पाहिलं. मग एकेक काउंटर जोडला. साडेबाराला मैनाबाईंचा रिपोर्ट प्रिंटरमधून बाहेर आला.

खात्याखाली शेऱ्यासाठी जागा होती. तिथे तिने लिहिलं: ‘हे नाव काढू नये.’