अडकलेला आवाज

"आत आवाज अडकलाय, तेवढा मोकळा करून द्या," म्हणत रणदिवेबाईंनी मुलाचं जुनं इको मशीन दस्तगीरचाचांच्या दुरुस्तीच्या टेबलावर ठेवलं होतं. टेपवर गिटारचा सूर घेऊन पुन्हा पुन्हा घुमवणारं ते यंत्र. मुलगा ऑर्केस्ट्रात वाजवायचा.

चाचांनी बेल्ट बदलला, गिटार जोडली. सुरांमागून सारखं पुसट ऐकू येई, 'आई, चहा टाक.' पण चाचांच्या कानाला बोल कळत नसत, फक्त बिघाड कळायचा. जुना आवाज पुसणारं हेड मेलंय, म्हणून टेपवर कधीचं काहीबाही साचलंय. आठ दिवस खपून त्यांनी ते हेड जिवंत केलं.

आज बाई आल्या. चाचांनी ऐटीत बटण दाबलं. टेप फिरू लागली. स्पीकर गप्प.

"बघा, कसं स्वच्छ!"

"त्याचा आवाज कुठंय? तो अपघातात गेला त्या सकाळी ह्याचा माइक चालू राहिला होता. फार बारीक यायचा, म्हणून तर आणलं तुमच्याकडे."

चाचांची मान खाली गेली. "बाई, मी तो..."

"थांबा जरा." बाईंनी स्पीकरला कान लावला. "हळूच बोलायचा तो."