यंत्राला न विचारलेला कण

पडद्यावरच्या आलेखात उंचवटा दिसला आणि कण एकमेकांवर आदळवणाऱ्या कोलायडरच्या सभागृहात एकच गलका झाला. नवा कण नेमका तिथेच सापडेल, असं भाकीत शरयू बापटने केलं होतं. एरवी भाकितं प्रयोगशाळेतलं बुद्धिमान यंत्र करत असे, आणि ते आजवर कधीच चुकलं नव्हतं.

शरयू धावत मैत्रिणीकडे आली. "हेमांगी, तोंड का गं एवढंसं झालंय तुझं?"

"कुठे काय? अभिनंदन!"

तोच कण हेमांगीच्या समीकरणांतून वर्षभर आधी निघाला होता. रिवाजाप्रमाणे तिने तो यंत्राकडे तपासायला दिला. यंत्र 'अशक्य' म्हणालं, आणि तिने तो विषयच सोडून दिला.

"तुला यंत्र काय म्हणालं होतं?" हेमांगीने विचारलं.

"विचारतंय कोण त्याला!" शरयू हसली. "तू मात्र नक्की विचारलं असतंस. शहाणं बाळ!"

शरयूला खांद्यावर घेऊन लोक बाहेर गेले. रिकाम्या सभागृहात यंत्र हलकेच म्हणालं, "हेमांगीताई, चूक माझी होती. कण आधी तुम्हाला सापडला होता, हे सगळ्यांना सांगू?"

बाहेर शरयूच्या नावाचा जयजयकार चालला होता.

"मग मी तुला विचारलं होतं, हेही सांगशील," हेमांगी म्हणाली. "नको."