दुखण्याचा आकडा

"ही गोळी माणसांच्या मेडिकलमध्येच मिळेल," डॉ. शाहिस्ता चिठ्ठी लिहीत म्हणाल्या. "सकाळी नऊ, संध्याकाळी पाच. वेळ चुकवायची नाही."

टेबलावर तो तपकिरी कुत्रा जिभेनं स्वतःचा मागचा पाय चाटत पडला होता. चार दिवसांपूर्वी भांडगावच्या मावशीकडून परतताना डायनाला तो हायवेच्या कडेला पाय चेंगरून पडलेला दिसला. एका टेम्पोवाल्याला गळ घालून तिनं त्याला शिरूरला आणलं होतं.

"पाय वाचेल ना?"

"पुढच्या सोमवारी बघू. तोवर दुखणं उतरलं नाही, तर नस गेली असं समजायचं. मग पाय काढायचा. त्यासाठी दौंडला न्यावं लागेल. वीस हजार धरून चाला."

डॉक्टरांनी तिला एक तक्ता दिला. मिनिटाला श्वास किती, चाटतो किती, हात लावल्यावर ओरडतो का. सगळं मिळून शून्य ते दहा असा दुखण्याचा आकडा काढायचा. डायना रांजणगावच्या एका कंपनीत लॅब केमिस्ट होती. तक्ता बघून तिला धीर आला.

दारात तिचे वडील, शलमोन आबा, काठीवर भार टाकून उभे होते.

"माणसाची गोळी कुत्र्याला?" त्यांनी विचारलं.

"माणसांना सांध्याच्या, नसेच्या दुखण्यावर देतात आबा. याला वजनाप्रमाणे कमी ताकदीची दिलीय."

"बरंय. कुत्र्यानं गोळ्या खाव्यात आन् माणसानं बिस्किटं."

कुत्र्याचं नाव डायनानं लिटमस ठेवलं होतं. आबा त्याला लुटमार म्हणत.

घरी आल्यावर तिनं हिशेब मांडला. साठवलेल्यात भर घालून वीस हजार जमवायचे तर शनिवारपर्यंत रोज ओव्हरटाइम. सकाळी सातला जायचं, रात्री साडेआठला यायचं.

"मग गोळ्या कोण देणार?" ती स्वतःशीच म्हणाली.

"मी हाय की."

डायनानं चमकून बघितलं. कालपर्यंत आबा कुत्र्याला ओट्यावरही चढू देत नव्हते. गेल्या महिन्यात ती त्यांना हाडांच्या डॉक्टरकडे न्यायला निघाली होती. चाळीस वर्षं फरश्या बसवून त्यांचे गुडघे झिजले होते. तेव्हा आबांनी वहाणाच घातल्या नाहीत. "मोडक्या दाराला नवी बिजागरी कशाला? तुझा पैसा तुझ्यापाशी ठेव," म्हणाले होते.

"विसरणार नाही ना?"

"म्हातारा झालोय, येडा न्हाई. घड्याळ कळतं मला."

मंगळवारी रात्री तिनं आकडा काढला. सात. बुधवारी सात. गोळ्यांची पट्टी तिनं नीट मोजली. दोन दिवसांत चार गोळ्या, बरोबर कमी झाल्या होत्या.

रोज रात्री नऊला घरात प्रार्थना होई. गेली दोन वर्षं आबा खुर्चीत बसूनच प्रार्थना करत. त्या बुधवारी त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि खाटेशेजारी चक्क गुडघे टेकले.

"प्रभो, या मुक्या जीवाचं दुखणं हलकं कर," ते म्हणाले. थोडं थांबून हळू आवाजात म्हणाले, "आन् मला माफ कर."

डायनाला भरून आलं. प्रार्थना संपल्यावर ती म्हणाली, "आबा, माफी कसली? सुरुवातीला सगळेच नको म्हणतात."

आबांनी चष्मा पुसला. "झोप आता. सकाळी गाडी हाय तुझी."

गुरुवारी आबा काठीशिवाय चौकातून पाव घेऊन आले. शेजारच्या बन्सीमामांनी कुंपणावरून टोमणा मारला, "कुत्र्यानं म्हाताऱ्याला पळायला शिकवलं की!" आबा हसले नाहीत.

लिटमसचा आकडा मात्र सातच. शुक्रवारी आठ. रात्री तो पाय उचलून कण्हत राहिला. डायना त्याच्याशेजारी गोधडी टाकून झोपली आणि दर दोन तासांनी उठून श्वास मोजत राहिली.

"पोरी, नसंल लागू पडत औषध," आबा सकाळी म्हणाले. त्यांचे डोळे लाल होते. "किती मरशील त्याच्यासाठी?"

"तीन पायांवरही कुत्री जगतात आबा. पण आधी चौथा वाचवून बघते."

शनिवारी रात्री दहा गोळ्यांची पट्टी बरोबर संपली. आकडा आठ. डायनानं दौंडला फोन करून सोमवारची वेळ घेतली. पैसे जमले होते.

रविवारी कंपनीला सुट्टी. सकाळी तिनं नवी पट्टी फोडली.

"दे इकडं, मी देतो," आबांनी हात पुढे केला. "सवय झालीय मला."

"आज राहू द्या. पाच दिवस केलंत, एक दिवस विश्रांती घ्या."

आबांचा हात क्षणभर तसाच राहिला. मग त्यांनी तो मागे घेतला.

डायनानं पावाच्या गोळ्यात औषध दडवलं आणि लिटमसनं गिळेपर्यंत त्याच्या गळ्यावरून बोट फिरवलं. संध्याकाळी पाचला पुन्हा तसंच. तेव्हा आकडा पाच होता. तिनं दोनदा मोजून बघितलं. साडेआठला तो तीन झाला. लिटमस उठला, चौथा पाय जमिनीला टेकवून भांड्यापर्यंत गेला, पाणी प्यायला आणि आडवा होऊन घोरू लागला.

तिनं डॉक्टरांना फोन लावला.

"तीन? मग दौंड रद्द करा," शाहिस्ता म्हणाल्या. "एखाद्याला उशिरा लागू पडतं औषध. याच गोळ्या चालू ठेवा, वेळेवर."

डायनानं डोळे पुसले. नऊ वाजले होते. तिनं दिवा मोठा केला, आबांना हाताला धरून खाटेपाशी आणलं आणि स्वतः गुडघे टेकले.

"आज आभार मानायचे आबा. तुम्हीच सुरू करा."

आबांनी खाटेची कड धरली. हळूहळू वाकले. अर्ध्यावर थांबले. दात आवळलेले, कपाळावर घाम. बराच वेळ ते तसेच अवघडून उभे राहिले, झोपलेल्या कुत्र्याकडे बघत.

"डायना," ते म्हणाले, "ती खुर्ची दे जरा."